डिव्हिजन वनचे बाबा

न्यू जर्सीत महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत उभं राहावं, तर मागून प्रश्न येतो, "मुलगा केवढा झाला?" आपण म्हणतो, "दहावीत आहे." त्यावर किंचित नाराज स्वर, "तसं नव्हे हो. उंची किती?"

ओळखावं, की मागे डिव्हिजन वनचे बाबा उभे आहेत.

त्यांचं खरं नाव मंडळाच्या वर्गणीच्या यादीत असेल. एरवी त्यांना सगळे याच नावाने ओळखतात, कारण मुलाला अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या सर्वांत वरच्या गटात, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, खेळवायचं हा त्यांचा संकल्प मुलाच्या सहावीपासून चालू आहे. गृहस्थांची स्वतःची उंची बुटांसकट पाच फूट सात इंच, आणि वहिनी पाच-दोन. पण घराण्याची उंची मोजताना ते या दोघांना धरतच नाहीत. ते वहिनींच्या मामांपासून सुरुवात करतात. मामा सांगलीत राहायचे, सहा फूट होते आणि माळ्यावरचे डबे त्यांना हाताने काढता येत. "उंची आजोळकडून येते," असं बाबा ठामपणे सांगतात. स्वतः त्यांनी कधी चेंडू हातात धरला नव्हता. इंजिनिअरिंग कॉलेजात बास्केटबॉलचं मैदान होतं. तिथे ते स्कूटर लावायचे.

पण खेळ येण्याचा इथे संबंधच काय? बाबांच्या मते ही एक प्रवेशपरीक्षा आहे, आणि प्रवेशपरीक्षा आपल्याला कुणी शिकवायची नाही. ड्रिब्लिंग, शूटिंग आणि डिफेन्स हे तीन पेपर. प्रत्येकाला क्लास लावायचा. शूटिंगचे सर वेगळे, ताकद वाढवणारे सर वेगळे. शूटिंगच्या सरांना बाबांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "पोर्शन कधी पूर्ण होईल?" ते अजून उत्तर शोधताहेत.

लॅपटॉपवर एक एक्सेल शीट आहे. डिव्हिजन वनमध्ये साडेतीनशेच्या वर कॉलेजं. प्रत्येकाचे कोच, त्यांचे ईमेल, यंदा किती मुलं पास होऊन बाहेर पडणार, सगळं रंगवलेलं. पुरुषांच्या एका संघाला कित्येक वर्षं १३ शिष्यवृत्त्या असत. बाबांनी गुणाकार केला, चारने भागलं आणि दरवर्षी अकराशे-बाराशे सीट काढल्या. "आमच्या वेळी कम्प्युटरला याहून कमी होत्या. मिळाली ना मला?" देशभरात शाळांच्या संघांतून पाच लाखांवर मुलगे बास्केटबॉल खेळतात आणि त्यांतला शंभरात जेमतेम एक डिव्हिजन वनपर्यंत पोचतो, हे त्यांना ठाऊक आहे. त्यावर त्यांचं म्हणणं असं, की सीरियस नसलेली मुलं आधी वजा करा.

मार्च-एप्रिलपासून जुलैपर्यंत बाबांचे शनिवार-रविवार एएयूच्या स्पर्धांत जातात. एएयू म्हणजे शाळेबाहेरच्या क्लबांची दुनिया. पेनसिल्व्हेनियातल्या कुठल्यातरी गावाबाहेर गोदामाएवढं शेड असतं, आत ओळीने आठ-दहा कोर्टं आणि एकाच वेळी सगळ्यांवर शिट्ट्या. क्लबची फी भरायची, हॉटेल घ्यायचं, आणि वर आपलाच मुलगा बघायला दाराशी तिकीट काढायचं. वहिनी तिखटमिठाच्या पुऱ्या आणि दाण्याची चटणी घेऊन गाडीत मागे बसतात. मुलगा मिनिटं खेळतो चार, आणि चारही मिनिटं बाबांच्या फोनमध्ये जपून ठेवलेली असतात. उरलेला वेळ तो बाकावर बसून शेजारच्याच्या कानात काहीतरी कुजबुजत असतो. याबद्दल बाबा त्याला गाडीत दोनदा रागावलेत. वर्गात बोलणारी मुलं मेरिटमध्ये येत नाहीत.

जुलैत मोठे कोच येतात. या भेटींचे नियम बाबांसाठी फार क्रूर आहेत. कॉलेजचं बोधचिन्ह छातीवर असलेले टीशर्ट घालून कोच मंडळी घडीच्या खुर्च्यांवर ओळीने बसतात. त्यांनी खेळ पाहायचा, पण खेळाडूशी किंवा त्याच्या आईबापांशी बोलत बसायचं नाही. नमस्कार-चमत्कार, बस्स. ज्या माणसाने आजवर प्रत्येक साहेबाला कँटीनमध्ये गाठून काम करून घेतलं, त्याच्यावर ही केवढी आपत्ती! बाबा त्या रांगेपुढून पाण्याच्या बाटलीच्या निमित्ताने सहज फेऱ्या घालतात. एकदा एका कोचने मान हलवली. तो विषय पुढे आठवडाभर घरात होता.

"दोनदा हलवली," बाबा म्हणाले.

"मान आखडली असेल," वहिनी म्हणाल्या. "दिवसभर त्या खुर्च्यांवर बसून दुसरं काय होणार?"

खरा निकालाचा दिवस १५ जून. नियमाप्रमाणे मुलाचं दहावीचं वर्ष संपल्यावर त्या तारखेपासून कोच त्याला स्वतः फोन-पत्रं करू शकतात. जूनमध्ये दहावीनंतर निकाल, हे तर बाबांच्या हाडीमाशी खिळलेलं! त्यांनी रजा टाकली, देवापुढे साखर ठेवली आणि मुलाचा फोन चार्जिंगला लावून स्वतः शेजारी बसले. संध्याकाळी खरंच एका नामांकित विद्यापीठाचा ईमेल आला. 'प्रिय खेळाडू' अशी सुरुवात होती, आणि खाली उन्हाळी शिबिराची फी होती. असली माहितीपत्रकं नियमांच्या आड येत नाहीत, ती गावभर जातात. बाबांनी त्याची रंगीत प्रत काढून फाइलला लावली. मला ती दाखवताना त्यांचा अंगठा नेमका फीच्या आकड्यावर होता.

निराशा त्यांना शिवत नाही, कारण दाखले पाठ आहेत. कीर्तन रंगतं जेरेमी लिनवर. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोचा पोरगा, २००६ साली शाळेला राज्याचं विजेतेपद मिळवून देतो, तरी एकही डिव्हिजन वन कॉलेज शिष्यवृत्ती देत नाही. तो हार्वर्डला जातो, जिथे खेळाची शिष्यवृत्ती मुळात कुणालाच नसते. व्यावसायिक एनबीएच्या २०१० च्या ड्राफ्टमध्ये त्याला कुणी निवडत नाही. आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये हाच मुलगा न्यूयॉर्कला वेड लावतो! इथे बाबांचा गळा दाटून येतो. लिन सहा फूट तीन इंच आहे, हे ते सांगत नाहीत. कुणी काढलंच, तर लगेच मग्सी बोग्ज येतो. वेक फॉरेस्टकडून खेळला, पुढे एनबीए गाजवली, उंची पाच फूट तीन इंच. "आमचा त्याच्याहून पाच इंचांनी उंच आहे."

धक्का दिला तो ट्रान्सफर पोर्टलने. पूर्वी कॉलेज बदललं की सहसा एक वर्ष बाहेर बसावं लागे. २०२१ पासून ती अट सैल झाली, आणि कोच मंडळींना शाळकरी पोरं घडवत बसण्यापेक्षा दुसऱ्या कॉलेजातली दाढीमिशा फुटलेली तयार मुलं उचलणं परवडू लागलं. बाबांनी हे वाचलं आणि खुर्चीवरून उठले. "लॅटरल एन्ट्री!" ते ओरडले. "डिप्लोमावाले थेट दुसऱ्या वर्षाला! आमच्या वेळीही असंच केलं होतं!"

मग वहिनींनी सूत्रं हातात घेतली. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाची शिष्यवृत्ती नसते, पण कॉलेजं बघावीत तर कॅलटेक! कॅलटेकचा संघ १९८५ पासून आपल्या गटातले सलग ३१० सामने हरला, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये एका गुणाने, ४६–४५ असा जिंकला. वहिनींना हे फार आवडलं. "तिथेच घालू या. हरल्याबद्दल कुणी बोलत तरी नसेल." बाबांनी वेगळं शोधलं: एमआयटीचा संघ २०१२ साली डिव्हिजन थ्रीच्या शेवटच्या चारांत होता. जरा विचार करून ते म्हणाले, "एमआयटी चालेल." तडजोड केल्यासारखा चेहरा होता.

या सगळ्यात मुलाला कुणी विचारलं नव्हतं. आपण कुठवर पोचणार हे त्याला आठवीतच कळलं होतं, असं त्याने मला एकदा पार्किंगमध्ये शांतपणे सांगितलं. बाकावरून तो जे कुजबुजायचा, ते समोरच्या संघाचे पुढचे डाव असायचे, आणि बहुतेक बरोबर निघायचे. शेवटी तो एका मोठ्या सरकारी विद्यापीठात नुसत्या मार्कांवर गेला आणि तिथल्या संघाचा स्टुडंट मॅनेजर झाला. म्हणजे टॉवेल द्यायचे, पाणी द्यायचं, सरावात इतरांनी टाकलेले चेंडू गोळा करून परत द्यायचे आणि रात्री बारापर्यंत व्हिडिओ कापत बसायचं. पोरगा इतका खूश मी कधी पाहिला नव्हता.

मंडळात आता संवाद असा होतो.

"डिव्हिजन वनमध्ये आहे."

"अरे वा! खेळतो?"

"टीमबरोबर असतो."

सुरुवातीला हे सांगताना आवाज थोडा खाली यायचा. पण नवी शीट उघडली गेली आहे. लॉरेन्स फ्रँक, आपल्या न्यू जर्सीच्याच टीनेकचा. शाळेच्या संघातही निवड झाली नाही, इंडियाना विद्यापीठात बॉब नाइटच्या हाताखाली स्टुडंट मॅनेजर होता, आणि २००४ साली तेहतिसाव्या वर्षी न्यू जर्सी नेट्सचा मुख्य कोच झाला. पहिले तेरा सामने सलग जिंकला! म्हणजे ही लाइन मेडिकलची, बाबा समजावतात. आधी तुटपुंज्या पैशांत राबायचं, मग असिस्टंट, मग कुठेतरी लहान गावात मुख्य. हरला तर मुदतीआधी काढतात, पण करारातले उरलेले पैसे बऱ्याचदा देतात. "काढल्यावर पैसे देतात?" हे त्यांनी मुलाला तीन वेळा विचारून खात्री करून घेतली.

पुढे कुठेसं त्यांच्या वाचनात आलं, की अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर म्हणजे तिथल्या विद्यापीठाचा फुटबॉलचा नाहीतर बास्केटबॉलचा कोच असतो. गव्हर्नरच्या कितीतरी वर. त्याच रात्री त्यांनी सांगलीला आईला फोन लावला. नातू चेंडू गोळा करतो, एवढंच तोवर तिकडे माहीत होतं.

"आई, सरकारी नोकरीची लाइन आहे गं ही."

पलीकडे आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "पेन्शन आहे का?"