शेंबी

आमच्या बारा वर्षांच्या मोटारीचा सेकंड गिअर धोंड्याच्या महिन्यातल्या जावयासारखा आहे. एकदा बोलावून येत नाही. नारायणगावच्या चौकात मागं टोमॅटोचे क्रेट लादलेली पिकअप हॉर्नवर हात ठेवून उभी असली, की तो हटकून अडतो. तिकडं खोडदच्या शिवारात रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या तबकड्या आकाशात हव्या त्या दिशेला तोंड फिरवतात, अन् इथं वीतभर दांडा मागं येत नाही.

पुतण्या पुण्यात नोकरीला. त्यानं फोनवरच निदान केलं. "काका, गिअरबॉक्स खोलत बसू नका. वेटेड नॉब टाका."

म्हणजे दांड्यावरची मूठ जड करायची. मूळची प्लॅस्टिकची मूठ जेमतेम सत्तर ग्रॅम. त्याऐवजी पोलादाचा किंवा पितळेचा गोळा बसवला, की दांडा एकदा निघाला म्हणजे वजनाच्या झोकानं पुढचं काम स्वतःच करतो. लोहाराचा घण आठवा. माणूस तो उचलतो तेवढा, ठोका घणच देतो. शिवाय इकडं संध्याकाळी उसाच्या कडेनं जाताना बिबट्या आडवा आला तर फर्स्टवरून सेकंड झटकन पडलेला बरा. हा मुद्दा मी घरी मांडला. "अहो, बिबट्या दिसल्यावर तुम्ही गाडी बंद पाडता," ही म्हणाली. ती आणखी काही काढायच्या आत मी उठलो.

पहिला नॉब घरपोच मागवला. पोलादी, चकचकीत. दीड फेरा फिरला आणि अडकला. दांडा 10 मिलिमीटरचा, नॉबही 10 मिलिमीटरचा. पण एकाच्या आट्यांचं अंतर 1.25 आणि दुसऱ्याचं 1.5. पाव मिलिमीटरवरून सोयरीक मोडली. (पत्रिका जुळवणारा आमचा समाज आटे जुळवायला विसरतो.) ट्रकवाल्यांसारखा पारदर्शक गोळ्यात विंचू असलेला नॉबही पाहिला होता, पण शाळेतून निवृत्त झालेल्या माणसानं रोज विंचवाच्या डोक्यावर हात ठेवून गाडी चालवावी, हे पटेना.

मग गेलो लेथवाल्याकडं. त्याचा सगळा जन्म पंपाचे शाफ्ट आणि ट्रॅक्टरचे बुश करण्यात गेलेला. "सर, भरीव पाहिजे का पोकळ?" वजनासाठीच आलो होतो, म्हणालो भरीव. पाच सेंटिमीटर व्यासाचा भरीव गोळा ॲल्युमिनियमचा केला तर पावणेदोनशे ग्रॅम भरतो, पितळेचा साडेपाचशेच्या घरात जातो. मी अर्थातच पितळ निवडलं. शंका नको म्हणून बाजारात भाजीवाल्या मावशींच्या काट्यावर ठेवून पाहिला. आट्यांचं भोक वजा जाता 530 ग्रॅम.

"केवढ्याला दिला?" मावशींनी विचारलं.

मी आकडा सांगितला.

"एवढ्यात अर्धी गोणी कांदा आला असता," त्या म्हणाल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळल्या.

खरं सांगतो, पहिले आठ दिवस सुखाचे गेले. सेकंड लोण्यात सुरी जावी तसा पडायचा. मी कारण नसताना गिअर बदलत होतो. नानांनी, म्हणजे थोरल्या चुलत्यांनी, काचेतून आत डोकावून पाहिलं. बैलगाड्याच्या शर्यतीत उभं आयुष्य घातलेला माणूस. पोळ्याला बैलांच्या शिंगांना चढवतात त्या पितळी टोप्या त्यांनी शेकड्यांनी घासल्या असतील. "आरं, शेंबी घातली व्हय गाडीला! दुसऱ्या शिंगाला कधी?"

एप्रिल लागला आणि पितळेनं आपला स्वभाव दाखवला. दुपारी उन्हात उभ्या गाडीत बसलो, मूठ धरली आणि तव्यावरची भाकरी हातानं उलटावी तसा हात मागं घेतला. तेव्हापासून मुठीवर रुमाल आला. त्यावर नाना काय म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

खरी फजिती भीमाशंकरच्या वाटेवर झाली. घोडेगाव सोडलं, डिंभ्याचं धरण आलं. तालुक्याला ज्याचं नाव, ते जुनं आंबेगाव या पाण्याखाली आहे आणि कचेऱ्या घोडेगावात, हे मी मागं बसलेल्यांना सांगत होतो. तेवढ्यात खड्डा आला. अर्ध्या किलोचा गोळा दांड्याच्या टोकावर उडाला आणि त्याच्याबरोबर थर्ड गिअरही उडाला. इंजिन नुसतंच गुरगुरलं. पुन्हा टाकला, पुढच्या खड्ड्यात पुन्हा न्यूट्रल. पोखरी घाट मी उजव्या हातात स्टिअरिंग आणि डाव्या हातात मूठ दाबून धरून चढलो. गिअर सोपा पडावा म्हणून घेतलेल्या मुठीला घाटभर सोडायची सोय नव्हती.

परतीला घोडेगावच्या मेकॅनिकनं दांडा हलवून पाहिला. "आतला माल झिजलाय, त्यात तुम्ही वर धोंडा बांधलाय. वजन उतरवा."

पुन्हा लेथ. त्यानं गोळा आतून कोरला, नायलॉनचा बुश ठोकला, वर कातडं शिवून दिलं. 310 ग्रॅम. वजन घालायची मजुरी दिली होती, आता काढायचीही दिली. पितळेचा कीस त्यानं कागदात गोळा केला, तोलला, मोडीचा भाव धरून बिलातून वजा केला. माणूस सचोटीचा. गाडीत डोकावून म्हणाला, "सर, हँडब्रेकलापण करून टाकू का? जोडी दिसंल."

नाना त्याच्याकडं आधी येऊन गेले होते, हे मला नंतर कळलं.