छाटणीचा हिशेब

मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या पुढे सरकला की लोकांना दोनच गोष्टी हव्या असतात: निंबाची सावली, आणि तोच निंब आपल्या गच्चीवरून, विजेच्या तारेवरून हटवलेला. दुसरी मागणी पुरवणाऱ्याचं भांडवल म्हणजे दोर, कोयता, कुऱ्हाड आणि हप्त्यावरचं कटर मशीन. मशीनला पेट्रोल, त्यात टू-स्ट्रोकचं ऑईल, साखळीला आणखी वेगळं. पण खरा खर्च खिळ्यांचा. दहावीचे क्लासेस, मूळव्याधीवर खात्रीशीर इलाज, भावी नगरसेवकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा. पाट्या केव्हाच उडाल्या, खिळे झाडाने गिळले. साल फाडून साखळी त्यावर आदळली की ठिणगी उडते, दात बोथट होतात. मग खाली उतरून गोल कानशीने एकेक दात घासत बसा. भाऊंची लोकप्रियता अशी भरून द्यावी लागते.

गिऱ्हाईकाचं गणित सोपं: "लाकूड तूच घेऊन जाय ना भो, पैसे कायचे?" हेल्मेट, कमरेचा पट्टा, विमा या गोष्टी या गणितात बसत नाहीत.

कायदा मात्र दिलदार. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार तोडण्याआधी परवानगी घ्यायची. २०२१ च्या दुरुस्तीनंतर झाडाचं जेवढं वय तेवढी रोपं लावायची, आणि पन्नाशी गाठलेलं झाड तर हेरिटेज. तेव्हापासून तोडायचं झाड नेहमी कोवळंच निघतं. घरमालकाच्या आजोबांनी लावलेला निंबही अर्जात सात वर्षांचा भरतो.