एका जागी बसलेल्या वाड्याचं स्थलांतर

आत्याला ऐंशी पूर्ण होणार म्हणून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गडबड चालली होती. कुणी साडीचं बघत होतं, कुणी आचाऱ्याचं. मी लिहून टाकलं, "वंशावळ माझ्याकडे. एका रविवारात काढतो." अकरा जणांनी हात जोडले. न वैतागता माझ्यापुढे हात जोडण्याची घरातल्यांची ही पहिलीच वेळ, त्यामुळे माघार घेता येईना.

भांडवल म्हणजे माळ्यावरची पत्र्याची पेटी. तिच्यात आजोबांच्या नावाचा एक उर्दू उतारा निघाला, मागं कुणीतरी पेन्सिलीनं 'जि. बिदर' लिहिलेलं. वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, जिल्हा उस्मानाबाद. माझा दाखला, जिल्हा लातूर. तीन पिढ्या, तीन जिल्हे! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपलं घराणं फिरस्तं होतं. बिदरहून उठलं, उस्मानाबादला टेकलं, तिथंही निभेना म्हणून लातूरकडं सरकलं. का उठलं असेल? दुष्काळ, सावकार की रझाकार? कुणावर अन्याय नको म्हणून मी तिन्ही घातले. 'बैलगाडीत संसार लादून' हे शब्द लिहिताना माझे डोळे भरून आले. आमच्या गावाला तालुका देवणी, तेव्हा बैल देवणीच असणार, असं ठरवून त्यांचा रंगही लिहिला: वानेरा. म्हणजे अंग पांढरं आणि तोंड काळं. आता वाटतं, तो रंग लेखकालाच जास्त शोभला असता.

गावातला वाडा मी पाहिलेला नव्हता असं नाही. दर उन्हाळ्यात तिथं आंबे खाल्लेत. पण कागद तीन आणि वाडा एक, बहुमत कागदांचं होतं. वाडा फारच जुना दिसतो ही अडचण मी 'लातूर जिल्ह्यात आल्यावर विकत घेतला असावा' एवढ्या एका वाक्यात मिटवली.

मग मोहीम निघाली. पहिला मुक्काम धाराशिव, म्हणजे कालपरवापर्यंतचं उस्मानाबाद. तिथल्या एका जाणकार कारकुनानं विचारलं, "कोणत्या सालचं पाहिजे?"

"१९१५ ते २०."

गावाचं नाव ऐकून तो हसला. "तुमचं गाव तेव्हा आमच्यात कुठं होतं साहेब?" आणि चहा पितापिता त्यानं सगळं उलगडून सांगितलं. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडलं. मराठवाडा मुंबई राज्यात आला, बिदर जिल्हा म्हैसूरला गेला; पण त्यातले उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तीन तालुके इकडं आले आणि उस्मानाबादला जोडले गेले. १९८२ मध्ये उस्मानाबादेतून लातूर जिल्हा निघाला. पुढे उदगीर तालुक्यातून देवणी तालुका निघाला. याहून सोपं कुणी काय सांगणार? मी मान डोलावली आणि बाहेर येऊन वहीत लिहिलं, 'उस्मानाबादेत नोंद नाही. म्हणजे इथं फार दिवस टिकले नसावेत.'

दुसरा मुक्काम बिदर. अर्जात मी ठसठशीत 'जिल्हा लातूर' लिहिलं. खिडकीपलीकडचे गृहस्थ चांगल्या मराठीत म्हणाले, "लातूर महाराष्ट्रात येतं." मी म्हणालो, "पण आम्ही इथूनच गेलोय." त्यांनी चष्मा वर केला. "गाव गेलं, का माणसं गेली?"

"माणसं," मी ठामपणे सांगितलं.

"मग जायच्या आधी कोणत्या गावात होता ते लिहा."

हे मला कुठं ठाऊक? त्या रात्री लॉजवर बिदर जिल्ह्याचा नकाशा पसरून मी घराण्यासाठी मूळ गाव शोधत बसलो आणि आडनावाशी थोडंफार जुळणारं एक पसंतही केलं.

उर्दू उताऱ्यातला आकडा तेवढा मला लागला होता: १३२६. मोबाईलवर हिजरी सन घातला, १९०८ आलं. थोरल्या आजोबांच्या पत्रिकेत शके १८३४, म्हणजे १९१२. धाकटे आजोबा थोरल्यांपेक्षा चार वर्षांनी मोठे निघाले! कच्चा संशोधक इथं गोंधळला असता. मी थोरल्यांच्या नावापुढं 'बहुधा दत्तक' लिहिलं आणि तक्ता ग्रुपवर टाकला.

दोन दिवस ग्रुपवर कुणी शुभ सकाळसुद्धा म्हणालं नाही. तिसऱ्या दिवशी थोरल्या घरातल्या चुलतभावाचा फोन आला. "दत्तकाचं काय काढलंस मध्येच? जमिनीचं काही आहे का डोक्यात?" मी घाम पुसत उदगीरच्या एका निवृत्त उर्दू मास्तरांकडे धावलो. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "हिजरी नक्को मियाँ, ये फसली है. निजामाच्या कचेरीत हाच चालायचा. ५९० मिळवा." मिळवले. १९१६ आलं. थोरले पुन्हा थोरले झाले आणि चार दिवसांचं दत्तकविधान रद्द झालं. फुकटात.

तरीही बैलगाडी माझ्या हातून सुटेना. कार्यक्रमाच्या दिवशी आठ फुटी फ्लेक्स लावला: 'बिदर ते लातूर: एका घराण्याची वाटचाल'. माइकवर वाचायला लागलो. वानेऱ्या बैलांपाशी आलो तेवढ्यात आत्यानं हात वर केला.

"कोण गेलं रे?"

"आपण. १९५६ ला."

"छप्पनला मी बारा वर्सांची व्हते. त्या साली माडीवर नवे पत्रे घातले अण्णानं. मंग कुटं गेलाव आपण?" ती माझ्याकडं खरोखरच्या काळजीनं बघत होती. "मी ज्या खोलीत जन्मले त्याच खोलीत तुजा बाप जन्मला. आता तितं सोयाबीनची पोती हायत. जिल्हा गेला आसंल, लेकरा. आमी न्हाई गेलाव."

मागच्या रांगेतून, थोरल्या घराकडून, पहिली टाळी आली.

तो फ्लेक्स आता त्याच सोयाबीनवर आहे, छापील बाजू खाली करून. दुसरा करायला टाकला तेव्हा आत्याला फोन लावून विचारलं, गावाखाली जिल्हा लातूरच लिहू ना?

"जागा मोकळी ठेव," ती म्हणाली. "उदगीर जिल्हा व्हनार, व्हनार म्हनून किती वर्सं आयकालाव. उद्या झाला तर पुन्ना बैलगाडी जुंपशील."

फ्लेक्सवाला म्हणाला, मोकळ्या जागेचेही पैसे चौरस फुटानंच लागतील.