गाडीला काय चोपडावं? (कोंढा व पंचक्रोशीसाठी)

नवी गाडी दारात आली की दोन प्रकारचे लोक भेटायला येतात. पहिले पेढे मागतात. दुसरे गाडीभोवती एक फेरी मारतात, बॉनेटवर तळहात फिरवतात आणि विचारतात, "कोटिंग मारलं का जी?" प्रस्तुत मार्गदर्शन दुसऱ्या प्रकारच्या लोकांना तोंड देण्यासाठी आहे. पहिल्यांना पेढे द्यावेत.

आधी मेण आणि सिरॅमिक यांचं भांडण कशावरून आहे ते समजून घ्या. गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षा कमी. आपण ज्या चकाकीवर भाळून हप्ते फेडतो ती एवढीच. मेण असो की सिरॅमिक, दोन्ही या थराच्या वर बसतात. चांगल्या मेणात कार्नोबा असतं. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून ते काढतात आणि 82 ते 86 अंशांना ते वितळतं. आपल्याच हाताने लावावं, तासाभरात पुसावं, आणि काही आठवड्यांनी किंवा फार तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लावावं. सिरॅमिक म्हणजे सिलिकायुक्त द्रव. तो क्लिअर कोटला घट्ट धरतो, सुकून कडक होतो आणि कंपन्यांच्या म्हणण्याप्रमाणे दोन ते पाच वर्षं टिकतो. त्याची जाडी एखाद-दोन मायक्रॉन. ते लावायला नागपूर गाठावं लागतं आणि पंधरा-वीस हजारांच्या पुढे मोजावे लागतात.

2025-26 च्या खरिपात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये होता. त्या भावाने वीस हजारांचं कोटिंग म्हणजे जवळजवळ साडेआठ क्विंटल धान, एका मायक्रॉनच्या जाडीने गाडीवर पसरलेलं. हा हिशेब घरात मोठ्याने करू नये.

स्टुडिओतला मुलगा तुम्हाला '9एच' असं सांगून दबकवेल. दबकू नका. हा हिऱ्या-माणकांचा कठीणपणा नव्हे, चित्रकलेच्या पेन्सिलचा आहे. 9एच ही त्या मोजपट्टीतली सगळ्यात कडक पेन्सिल. ती ठराविक जोर देऊन घासली तरी थरावर ओरखडा उठत नाही, एवढाच त्याचा अर्थ. कोंढ्यातली पोरं गाडीवर पेन्सिलने लिहीत नाहीत, खिळ्याने लिहितात. बैलाचं शिंग, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा कोपरा, टपावर उडी मारणारं वानर, समोरच्या टिप्परने उडवलेली गिट्टी यांतल्या कोणाचीही 9एचशी ओळख नाही. ओरखडा उठलाच, तर पोळ्याला शिंगं रंगवून उरलेला ऑइलपेंट त्यावर फिरवायचा मोह होईल. रंग जुळत नाही.

आता ऋतू पाहू. नवतपात उघड्यावर उभ्या काळ्या गाडीचा पत्रा सत्तर अंशांच्या पुढे जातो. मेण वितळत नाही, पण मऊ पडतं, त्यावर धूळ बसते आणि ते लवकर उडतं. इथे सिरॅमिक निर्विवाद सरस. पावसातही तेच. पाणी कोचईच्या पानावरून घरंगळावं तसं घरंगळतं, ते पाहायला शेजारी जमतात आणि तुमचे निम्मे पैसे तिथेच वसूल होतात. मात्र गाडी बोअरच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळू दिली, तर त्याच सुबक थेंबांचे चुनखडीचे गोल डाग उमटतात. ते नुसत्या पाण्याने जात नाहीत. रोवणीच्या दिवसांत बांधीतला चिखल दाराच्या खालच्या काठाला चिकटतो. सिरॅमिक असेल तर तो सहज सुटतो, मेण असेल तर थोडा रडून सुटतो. दोन्हींसाठी आधी भरपूर पाणी मारावं लागतं, आणि हे वाक्य कोणी ऐकत नाही.

इथे या विषयातल्या खऱ्या शत्रूकडे वळू. तो म्हणजे दुपट्टा. खांद्यावरचा. धानाची चुरणी चालू आहे, गाडीवर कोंड्याची आणि तणसाची बारीक धूळ बसली आहे, अशा वेळी घरातलं एखादं मायाळू माणूस खांद्यावरून दुपट्टा काढतं आणि कोरडीच गाडी पुसतं. धुळीत वाळूचे कण असतात. संध्याकाळी तिरप्या उन्हात बॉनेटवर गोल गोल बारीक रेघांचं जाळं दिसतं, ते या मायेचं. सिरॅमिक लावून ते टळत नाही. फरक इतकाच की मेणावरच्या काही रेघा पुढच्या हातात झाकल्या जातात, तर सिरॅमिकवरच्या रेघांसाठी पुन्हा पॉलिश करावं लागतं. पॉलिशमध्ये कोटिंगही निघतं, म्हणजे पुन्हा नागपूर. भंडारा जिल्हा पितळी भांड्यांसाठी नावाजलेला आहे. घासल्याने वस्तू चमकते हे इथल्या रक्तात आहे. चिंच आणि राख गाडीपासून दूर ठेवा, बस. गडेगावच्या अशोक लेलँडमध्ये गाडीच्या पोटातले गिअरबॉक्स बनतात, पण कातडं सांभाळायचं काम शेवटी आपल्याच घरच्यांकडे येतं.

दुसरा धोका पूजेचा. कोटिंग मारल्यावर काही दिवस गाडीला पाणी-साबण लावू नका, असं स्टुडिओवाले बजावतात. नेमक्या त्याच दिवसांत पूजा होते. ओल्या हळदीचा स्वस्तिक पांढऱ्या बॉनेटवर पिवळी आठवण ठेवतो. नारळ टायरजवळ फुटतो आणि पाणी बंपरवर उडतं. झेंडूच्या हाराचा सुतळीदोरा भंडाऱ्यापर्यंत बॉनेटवर नाचत जातो. दसऱ्याला पुन्हा हेच. स्वस्तिक काचेवर काढायला सांगावं. घरच्या आजी ऐकत नसतील, तर "काच बदलता येते जी" एवढंच म्हणावं. रोज सकाळी अंगणात शेणाचा सडा पडतो, त्याचे शिंतोडे वेगळे. सडा थांबवण्याचा प्रयत्न करू नये. गाडी हलवावी.

पक्ष्यांची विष्ठा दोन्ही थरांना पोखरते, सिरॅमिकला उशिरा. त्यामुळे झाडाखाली गाडी लावणाऱ्याने ओलं फडकं जवळ ठेवावं. मार्च-एप्रिलमध्ये मोहाखाली गाडी लावूच नये. फुलं टपावर पडतात, चिकटतात, आंबतात, आणि मग गाडीच्या मालकाबद्दल गावात उगाच चर्चा होते.

निवड अशी करावी. गाडी नवी आहे, पत्र्याचं का होईना छप्पर आहे, आणि धुण्याचं काम एकाच माणसाच्या हाती आहे, तर सिरॅमिक घ्या. गाडी उघड्यावर उभी असते आणि येणारा-जाणारा तिच्यावर हात फिरवतो, तर मेण घ्या. शे-पाचशेची वस्तू खराब झाल्याचं दुःख संध्याकाळपर्यंत ओसरतं. गाडी जुनी आणि रेघाळलेली असेल, तर रेघा आधी पॉलिशने काढाव्या लागतात. नाहीतर सिरॅमिकच्या पारदर्शक थराखाली त्या पाच वर्षं जशाच्या तशा दिसत राहतात. माझं मत विचाराल तर पहिले पैसे शेडवर घालावेत, दुसरे चार मायक्रोफायबर कापडांवर. उरले तर बाकीचं.

एवढं वाचूनही तुम्ही सिरॅमिकच करणार, कारण नागपूरचे जवाईबापू दिवाळीला तसली गाडी घेऊन आले होते. हरकत नाही. परतीच्या वाटेवर मेणाचा एक स्वस्त डबा विकत घ्या आणि डॅशबोर्डवर दिसेल असा ठेवा. बाबांनी "किती लागले?" विचारलं की डब्याकडे बोट दाखवा. डबा मात्र उघडू नका. सिरॅमिकवर मेण चोपडलं की पाणी घरंगळण्याचा त्याचा गुण झाकला जातो, आणि मग साडेआठ क्विंटल दिसायला काहीच उरत नाही.