किती भरलं?

फ्रायबेर्ग, जर्मनी
रविवार, 19 जानेवारी 2025

तीर्थरूप बाबा आणि आईला शिरसाष्टांग नमस्कार, आजीच्या पायावर डोकं, बंटीला एक टपली.

वि. वि. सोबत फोटोंचा गठ्ठा आहे. मोबाइलवर न पाठवता ते कागदावर छापून पोस्टाने धाडायचं कारण म्हणजे आपला फॅमिली ग्रुप. मागे मी ड्रेस्डेनच्या त्स्विंगर राजवाड्यासमोरचा फोटो टाकला होता. तीनशे वर्षांची इमारत, दरवाजावर सोनेरी मुकुट, आणि ऊनही नेमकं त्याच मिनिटाला पडलेलं. त्यावर आईने विचारलं, "स्वेटर कुठे आहे?" आजी म्हणाली, "तो मांगं उभा पोट्टा कोन होय?" मोठ्या काकांनी गुलाबाचं फूल आणि सुविचार टाकला. बाबा, तुम्ही मात्र दोन बोटांनी फोटो ताणत ताणत थेट घुमटापर्यंत नेलात आणि विचारलंत, "पत्रा तांब्याचा दिसते. किती भरत असेल?"

म्हणून या वेळी प्रत्येक फोटोमागे नंबर टाकलाय आणि खाली त्याचा खुलासा दिलाय. स्वेटर सगळ्या फोटोंत आहे, दिसत नसेल तिथे जाकिटाच्या आत आहे. मागे उभे असलेले सगळे पोट्टे पर्यटक आहेत. धातू कोणता ते दरवेळी लिहिलंय आणि कळलं तिथे वजनही.

फोटो 1. डोक्यावर हेल्मेट, कपाळावर दिवा, चेहऱ्यावर चिखल. घाबरू नका, हा आमचा वर्ग आहे. या गावात 1168 साली चांदी सापडली आणि 1765 मध्ये खाणकाम शिकवायला हे विद्यापीठ निघालं. विद्यापीठाची स्वतःची खाण आहे, तिचं नाव रायशे त्सेशे. शाळेच्या सहलीत डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण पाहिली होती, ती आभाळाखाली उघडी. इथे पाळण्यात उभं राहून दीडशे मीटर खाली उतरावं लागतं. चांदीचा धंदा केव्हाच बंद पडला, आता तिथे दगडांचे नमुने आणि विद्यार्थी एवढंच सापडतं. आजीने फोनवर विचारलंच होतं, "इतकी चांदी निघाली, तं बायाईच्या पायात तोरड्या कायले नाही?" आजी, चांदी राजाने नेली. ड्रेस्डेनचा तो राजवाडा कुठून उभा राहिला असेल असं तुला वाटतं?

फोटो 2. हे डोकं कार्ल मार्क्सचं. फ्रायबेर्गहून लोकलने केम्नित्सला गेलं की भर रस्त्याच्या कडेला हे भेटतं. धड नाही, हात नाहीत, फक्त डोकं, दाढीसकट सात मीटरच्या वर. बाबा, आता जरा बसून घ्या. वजन चाळीस टन. पितळ नाही, कासं. 1971 मध्ये बसवलं, तेव्हा शहराचं नावसुद्धा कार्ल-मार्क्स-श्टाट होतं. 1990 मध्ये लोकांनी जुनं नाव परत आणलं, डोकं मात्र जागेवरच राहिलं. नाव बदलायला मतदान पुरतं, चाळीस टन हलवायला क्रेन लागते. काल तिथे युरोपच्या सांस्कृतिक राजधानीचं वर्ष सुरू झालं, म्हणून ही तोबा गर्दी. तुम्ही विचारणार हे माहीत आहे, म्हणून आधीच सांगते: एवढा माल पन्नास वर्षांहून जास्त उघड्यावर पडून आहे आणि मोडीत घालायला कोणी नेलेला नाही. आजीच्या तळपायाला तेल चोळायच्या काशाच्या वाट्या त्यातून किती निघतील, हा हिशेब बंटीने करून पाठवावा. गणितात कमी पडतो म्हणे.

फोटो 3. लाइपझिगमधला योहान सेबास्टियन बाखचा पुतळा, हासुद्धा काशाचाच. 1723 पासून 1750 मध्ये मरेपर्यंत हा माणूस मागच्या थॉमस चर्चचा संगीतप्रमुख होता. फोटोत माझ्याकडे पाहू नका, त्याच्या कोटाचा खिसा पाहा. उलटा होऊन बाहेर लोंबतोय. पुतळा घडवणाऱ्याने तो मुद्दाम तसा ठेवला म्हणतात. वीस लेकरांच्या बापाचा खिसा आणखी कसा दाखवणार? 1730 मध्ये बाखने एका मित्राला लिहिलेलं पत्र आजही आहे. त्यात तो रडतो की लाइपझिगची हवा चांगली असली की माणसं कमी मरतात, अंत्ययात्रेच्या गाण्याचे पैसे बुडतात आणि वर्षाची मिळकत खाली येते. ते वाचताना मला आपलं दुकान आठवलं. यंदा लग्नाच्या तिथी कमी म्हणून आंदणाची भांडी पडून राहिली की तुम्ही पंचांगवाल्यावर असेच चिडता. फरक एवढाच की तुम्ही लोकांची लग्नं व्हावीत म्हणून देवाला साकडं घालता, तो बिचारा काय मागत असेल कोण जाणे. महान संगीतकार म्हटला की ढगात तरंगणारा माणूस डोळ्यासमोर येतो. हा तर भंडाऱ्याच्या बाजारपेठेत गल्ल्यावर बसलेला शोभला असता.

फोटो 4. आमच्या गावच्या कॅथेड्रलमधला ऑर्गन. गोटफ्रीड झिल्बरमान नावाच्या कारागिराने 1714 मध्ये पूर्ण केला आणि अजून वाजतोय. अडीच हजारांहून जास्त नळ्या, बहुतेक कथील आणि शिशाच्या. बाबा, तेच कथील, ज्याची कल्हई आपण भांड्याला करतो. भांड्याच्या आत गेलं की ते आमटी वाचवतं, नळी झालं की असं गरजतं की बाकावर बसल्या बसल्या छाती हलते. वाजवणारा आपल्या पाठीमागे वरच्या सज्जात असतो आणि लोक तोंड पुढे करून गप्प बसतात. कोणी खोकत नाही, वन्स मोअर नाही. याची छोटी क्लिप आजीला ऐकवली होती. तिने डोळे मिटून ऐकली आणि विचारलं, "वडस्याची कंपनी होय का?"

बंटी हसला, पण आजीचं चुकलेलं नाही. मंडईच्या रात्री वडस्याच्या कंपनीच्या झाडीपट्टी नाटकात ऑर्गनवाला आधी दोन सूर देतो, तेव्हाच शेवटच्या रांगेतल्या माणसाला कळतं की आता कोणी तरी रडणार आहे. इथेही ऑर्गनचं काम तेच. फक्त नाटक पहाटेपर्यंत चालत नाही आणि बाहेर गरम भजे मिळत नाहीत. दोन्ही बाबतीत नुकसान यांचंच आहे.

फोटो 5. ही मिरवणूक नाताळच्या आधीच्या रविवारी आनाबेर्ग-बुखहोल्त्स गावात निघते. इकडच्या डोंगरांना एर्त्सगेबिर्गं म्हणतात. डोंगरातल्या खाणी बंद पडल्या, पण खाणकामगारांचा गणवेश कोणी उतरवला नाही. डोक्यावर तुरा, हातात दिवा, थंडीत लाल झालेली नाकं, आणि सोबत त्यांची बँडपार्टी. सगळी वाद्यं पितळेची! ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, आणि एका काकांच्या अंगाला अजगरासारखा विळखा घालून बसलेला ट्यूबा. फोटोत अर्ध्याहून जास्त ट्यूबाच दिसतो, कारण कॅमेरा धरताना माझ्या कानात तुमचा आवाज होता, "किती भरलं?" मिरवणूक संपल्यावर काकांना विचारलं. ते म्हणाले, दहा किलो. मग त्यांनी मला विचारलं की हा प्रश्न आजवर कोणी विचारला नाही, तू कुठली? मी म्हटलं, भंडाऱ्याची.

सध्याचं माझं आवडतं गाणं याच मिरवणुकीतलं. नाव 'श्टायगरलीड', म्हणजे खाणीतल्या मुकादमाचं गाणं. मुकादम दिवा पेटवून येतोय, एवढीच गोष्ट. पण ते लागलं की म्हातारे, पोरं, प्राध्यापक सगळे उभे राहून गातात. जर्मनीने 2023 मध्ये त्याला आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातलं. आपल्याकडेही मुकादमावर बरंच काही रचलेलं आहे, पण ते पत्रात लिहिता येत नाही.

प्रवासाच्या खर्चाची आईला काळजी आहे, म्हणून सांगते. इथे देशभर चालणारा एक महिन्याचा पास आहे. 2023 मध्ये 49 युरोत निघाला, जानेवारी 2025 पासून 58 झाला. अट एकच, फक्त पॅसेंजर आणि लोकल, एक्स्प्रेसला हात लावायचा नाही. वरठीच्या फलाटावर वाढलेल्या मुलीला पॅसेंजरचं काय कौतुक! खिडकीशी बसायचं आणि कानात गाणी लावायची. त्यात आजीच्या भजन मंडळाचं रेकॉर्डिंग आहे, राष्ट्रसंतांची भजनं, खंजिरीवर. दुसऱ्या भजनात मधेच आपल्या कुकरच्या तीन शिट्ट्या येतात. आता मला ते भजन शिट्ट्यांशिवाय अपुरं वाटतं. परवा शेजारच्या बाईंनी विचारलं, काय ऐकतेस? मी एक बटण त्यांच्या कानात दिलं. तिसऱ्या शिट्टीला त्या म्हणाल्या, ट्रेन सुटली वाटतं.

फोटो 6. हा कोणीही आईला दाखवू नये. जर्मन लोक भात असा शिजवतात: भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत तांदूळ, पिशवी उकळत्या पाण्यात, मग बाहेर काढून टांगायची आणि कात्रीने कापायची. आजीला सांगितलं तर म्हणाली, "भाताले पिसवीत कायले कोंबते, तो का पळून जाते?" काळजी नसावी. तुमसरचा तांदूळ अजून डब्यात आहे, आणि मी तो मोकळाच सोडते.

फोटो 7, 8, 9. हे तिन्ही बाबांचे. बाकीच्यांनी तोवर चहा टाकावा.

सॅक्सनीच्या दक्षिण टोकाला मार्कनॉयकिर्शेन नावाचं गाव आहे. लाखनीएवढंही नसेल. पण तिथे 1677 मध्ये व्हायोलिन करणाऱ्यांचा संघ स्थापन झाला आणि पुढे पितळेची वाद्यंही जोरात निघायला लागली. एके काळी इथला माल अमेरिकेत इतका जायचा की 1893 मध्ये अमेरिकेने या एवढ्याशा गावात आपली कचेरी उघडली होती. गावच्या संग्रहालयात माणसापेक्षा उंच ट्यूबा आहे (फोटो 7, खाली उभी मी, स्वेटर आत).

फोटो 8 एका कारागिराच्या कार्यशाळेतला. दार उघडलं आणि आवाज आला तो आपल्याच मागच्या आळीतला: ठक, ठक, थांबा, ठक. पितळेचा पत्रा कापायचा, गुंडाळून शंकू करायचा, सांधा जोडायचा, मग लोखंडी साच्यावर चढवून ठोकायचा. कडक झाला की भट्टीत लाल करून नरम करायचा आणि पुन्हा ठोकायचा. इथवर तुम्हाला नवीन काहीच नाही. नवीन ते पुढे. नळी वाकवताना चेमटू नये म्हणून आत वितळलेली राळ भरतात, थंड झाल्यावर वाकवतात आणि पुन्हा तापवून राळ काढून टाकतात. पितळही दोन तऱ्हेचं. पिवळ्यात साधारण सत्तर टक्के तांबं, बाकी जस्त, त्याचा आवाज कडक. तांबं पंच्याऐंशीपर्यंत गेलं की रंग सोनेरी होतो आणि आवाज मऊ. तुम्ही गिऱ्हाइकाला रंगावरून मिश्रण सांगता, हे म्हातारबुवा आवाजावरून सांगतात.

मी त्यांना आपल्या दुकानाबद्दल सांगितलं. स्टीलने कसं खाल्लं, पाण्याचा गुंड आता लग्नात एखादाच जातो, लोक जुना मोडीत घालतात. त्यांनी मान हलवली. मग मी पिशवीतून आपला गडवा काढला, आईने विमानतळावर कोंबलेला तोच. त्यांनी तो कडेने धरला, नखाने टिचकी मारली आणि कानाशी नेला. बाबा, अगदी तुम्ही धरता तसा. तुम्ही चीर आहे का ते ऐकता. त्यांनी पेटीवरची एक पट्टी दाबली, पुन्हा टिचकी मारली आणि म्हणाले, "एफ शार्प. थोडा खाली, पण प्रामाणिक." (फोटो 9. हातात गडवा, मागे उभा पोट्टा त्यांचा शिकाऊ. आजी, त्याचं लग्न झालंय.)

आता हिशेब. असा दहा किलोचा चांगला ट्यूबा दहा हजार युरोंच्या खाली मिळत नाही, म्हणजे आपले नऊ लाख. किलोमागे नव्वद हजार. पितळ तेच आणि हातोडीही तीच, फक्त यांनी पितळेला पाणी भरायला न लावता बोलायला लावलं. इतकी वर्षं आपण पितळ काट्यावर तोललं, कानाने तोललं असतं तर आज दुकानाची पाटी वेगळी असती. तेव्हा माझी एक मागणी आहे. रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा गुंड, गंज, पराती, हंडे एकेक टांगून टिचकी मारा आणि बंटीला रेकॉर्ड करायला सांगा. सूर मी इथे बसून लावते. सात सूर निघाले तर लग्नसराईत आंदणाचा संच 'स्वरांसह' विका, दर मी ठरवीन. आणि एखादा सूर नाहीच निघाला, तर त्या जागी आईचा कुकर चालेल.

तुमची,
ताई

ता. क. आजीसाठी: चर्चमध्ये चप्पल काढायची नसते. विचारून घेतलंय.

ता. क. 2. किलोचा भाव आईला सांगू नका. ती देवघरातली समई पार्सल करील.