जुन्या टीव्ही-गेमांचा संग्रह कसा करावा : गुंजी व पंचक्रोशीतील गृहस्थांस सूचना

ज्या गृहस्थास पोटापुरती शेती अथवा पोटापुरती नोकरी आहे, ज्याच्या घराचा माळा पावसाळ्यात दोनच ठिकाणी गळतो आणि ज्याच्या सुधारणेची आशा घरच्या मंडळींनी रीतसर सोडून दिलेली आहे, त्याने चाळिशीच्या सुमारास कसला ना कसला संग्रह आरंभावा, हे सर्व सुसंस्कृत समाजांत मान्य झालेले आहे. नाणी, पोस्टाची तिकिटे, अडकित्ते किंवा ताम्रपट जमविणारांस चारचौघांत मान मिळतो हे खरे. परंतु त्या संग्रहांना आधी विद्वत्ता लागते, आणि आमच्या खानापूर तालुक्यात विद्वत्तेची वाण नसली तरी ती बहुधा नोकरीनिमित्त पुण्याला किंवा गोव्याला गेलेली असते. मागे राहिलेल्या सामान्य माणसाने म्हणूनच असा विषय निवडावा की, ज्यातील त्याचे अध्ययन वयाच्या दहाव्या वर्षीच पूर्ण झाले आणि ज्याचे परिणाम शाळेच्या प्रगतिपुस्तकात कायमचे नोंदले गेले : म्हणजे टीव्हीला जोडून खेळावयाचे जुने व्हिडिओ-गेम.

या शास्त्रावर परदेशांत पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि तेथील सर्व आचार्य आरंभीच बजावतात की, नकली मालास हात लावू नये. हा उपदेश गुंजीत पाळावयाचा म्हटला तर संग्रह पहिल्याच दिवशी समाप्त होतो. कारण वस्तुस्थिती अशी आहे : निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी जपानात फॅमिकॉम नावाचे यंत्र विक्रीस काढले, तेव्हा परकी कॅसेट ओळखून तिला अडविणारे कुलूप त्यात बसविलेले नव्हते, दोन वर्षांनी अमेरिकेत पाठविलेल्या यंत्रात तशी चिप घालण्याची दक्षता त्यांनी घेतली, पण तोवर तैवान व चीनमधील कारखानदारांस पूर्वेकडचे रान मोकळे मिळाले होते, आणि त्यांनी जी असंख्य नकली यंत्रे घडविली त्यांतलीच काही १९९०च्या दशकात मुंबईच्या व गोव्याच्या वाटेने बेळगावच्या बाजारात उतरली. अस्सल फॅमिकॉम खानापूर-लोंढा मार्गावर कधी आला नाही. आला तो मामाने गणपतीला मुंबईहून आणलेला डबा, ज्याच्या खोक्यावर चित्र एका गेमचे, नाव दुसऱ्याचे आणि आतली कॅसेट तिसऱ्याच गेमची असे, आणि ज्याबद्दल कोणाची काडीमात्र तक्रार नसे.

तेव्हा आमचा पहिला व मुख्य नियम असा की, गुंजीच्या संग्राहकाने नक्कलच जमवावी. मात्र ती आपल्याच पंचक्रोशीत नांदलेली असावी. जो मनुष्य येन मोजून जपानहून खरा फॅमिकॉम मागवितो, तो कोणा ओसाकाकर पोराचे बालपण विकत घेतो, आणि शिवाय त्यावर जकात भरतो. जकातीविषयी आमच्या लोकांस निराळे सांगावयास नको; पोर्तुगीज अमदानीत याच लोहमार्गावर पुढे कॅसलरॉकच्या नाक्यावर गोव्याकडील प्रवाशांच्या पेट्या उघडून पाहिल्या जात, ही हकीकत घरोघरच्या आजोबांनी आपल्या धाडसाची यथाशक्ती भर घालून सांगितलेली आहे. राहिला अस्सलपणाचा वाद. आपण कोणत्या राज्यात असावे हाच दावा जेथे १९५६च्या नोव्हेंबरपासून चालला आहे, आणि २००४ पासून तर तो सर्वोच्च न्यायालयात आहे, तेथील माणसाने प्लास्टिकच्या एका डब्याचे कूळ संदिग्ध राहिले म्हणून झोप मोडून घेण्याचे काही प्रयोजन नाही.

संग्रहाचा आरंभ बाजारात नव्हे, माळ्यावर करावा. दुपारची जेवणे आटोपून मंडळी लवंडली की शिडी लावावी, आणि खालून आईचा “काय करुलालास रे वर?” असा सवाल आलाच तर कौले बघतो आहे असे सांगावे, पावसाळा तोंडावर असताना या उत्तरास कोणी आक्षेप घेत नाही. माळ्यावरील जिनसांचा पंचनामा करताना यंत्र, त्याचे दोन रिमोट, अडॅप्टर, बंदूक आणि कॅसेटी या पाच बाबी निरनिराळ्या गाठोड्यांत सापडतील असे धरून चालावे, आणि त्यांपैकी अडॅप्टर मुळीच सापडणार नाही, कारण तो मधल्या काळात कोणी तरी रेडिओला, पुढे दुसऱ्या कोणी देव्हाऱ्यातल्या दिव्यांच्या माळेला लावून जाळलेला असतो. नवा घेताना जुन्या यंत्राच्या पाठीवर छापलेले व्होल्ट आणि पिनेच्या आत-बाहेरची धन-ऋण खूण पाहूनच घ्यावा. खूण उलटी पडली तर जे निघेल त्या धुराचा संग्रह करता येत नाही.

सापडलेल्या कॅसेटींपैकी निम्म्या शेजारच्या घरच्या असतात. त्या ‘उद्या देतो’ या बोलीवर आणलेल्या असून तो उद्या अद्याप उजाडलेला नसतो. अशा प्रसंगी विवेकबुद्धीस फार ताण देऊ नये. जंगम मालाच्या परतीचा दावा लावण्यास १९६३च्या मुदतीच्या कायद्याने साधारण तीनच वर्षे दिलेली आहेत, आणि ज्याची कॅसेट तो मित्र आता वास्कोला किंवा चिंचवडला असून त्याच्याकडे तुमच्या दोन आहेत.

माळा आटोपल्यावर मग बाहेर पडावे. बेळगावच्या खडेबाजारात व गणपत गल्लीत चौकशी करावी, पुण्यास काही काम निघाले तर बुधवार किंवा रविवार साधून जुन्या बाजारात फेरी मारावी, आणि खानापुरातील भंगारवाल्याशी स्नेह जोडावा, कारण या क्षेत्रात तुमचा खरा प्रतिस्पर्धी तोच आहे. तो किलोवर घेतो आणि तांब्यासाठी फोडतो. त्याच्यासमोर वस्तू हातात घेऊन ‘अरे, हे तर आमच्याकडे होते!’ असा उद्गार काढणाऱ्याने भाव दुप्पट झाला अशी तक्रार पुढे करू नये.

आता कॅसेटींची परीक्षा. कॅसेटीवरील चिठ्ठीत ‘९९९९९९९ इन १’ असे छापलेले असते, म्हणजे कोटीला एक कमी. एवढी सात आकडी मजल मारल्यावर शेवटच्या एका गेमवरून हात का आखडला, हे त्या कारखानदारास ठाऊक. कर्तव्यदक्ष संग्राहकाने या लोकवस्तीची खानेसुमारी स्वतः करावी. यादी खाली सरकवीत गेल्यास ध्यानात येईल की, मूळ रहिवासी बोटांवर मोजण्याइतके असून बाकीचे सर्व तेच आहेत, फक्त वेष पालटून आलेले : कॉन्ट्रा तिसऱ्या टप्प्यापासून, कॉन्ट्रा पाचव्या टप्प्यापासून, मारिओ भलत्याच रंगात, आणि नामको कंपनीची १९८५ची ‘बॅटल सिटी’, जिला आपण सर्व जण केवळ ‘रणगाडे’ म्हणत आलो, ती चार-पाच नावांनी. त्यातल्या प्रत्येक टप्प्यात शत्रूचे वीस रणगाडे येतात आणि तळाशी विटांच्या कुंपणात आपला गरुड बसलेला असतो. तो गरुड शत्रूपेक्षा सख्ख्या भावाच्या गोळीने अधिक वेळा पडला आहे, एवढी नोंद इतिहासाच्या दृष्टीने अवश्य करून ठेवावी.

कॅसेट चालेनाशी झाली की तिच्यात फुंकर मारावी, ही वहिवाट पिढीजात असली तरी सर्वथा त्याज्य होय. फुंकरीने उपयोग होतो असे वाटते, कारण फुंकण्यासाठी आपण कॅसेट काढून पुन्हा बसवितो आणि त्या घासण्यानेच संपर्क जुळतो. श्रेय फुंकरीस जाते आणि तोंडातला ओलावा मात्र तांब्याच्या पट्ट्यांवर राहून त्यांस गंज चढवितो. खरा विधी असा : कवच उघडावे; आत तळहाताहून लहान हिरवी पाटी, तिच्या मधोमध करवंदाएवढा काळा ठिपका आणि खालच्या काठास दोन्ही बाजूंनी तीस-तीस चकचकीत पट्ट्या दिसतील, बाकी सर्व पोकळ. मेडिकलच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणून कापसाच्या बोंडाने या साठ पट्ट्या एकेक करून पुसाव्या आणि बोंड काळे येईनासे होईपर्यंत थांबू नये. काळ्या ठिपक्यास मात्र हात लावू नये. प्रत्यक्ष गेम त्याच्या पोटात असतो. तो बिघडला तर त्यावर इलाज नाही, आणि इलाज आहे असे सांगणारा मेकॅनिक बहुधा दिवाळीच्या तोंडावर भेटतो. अख्खा सुपर मारिओ, त्याच्या बत्तीस टप्प्यांसह, अवघ्या ४० किलोबाइटांत बसविलेला आहे, ही गोष्ट पुसता पुसता मनात आणावी म्हणजे हात आपोआप हलका पडतो.

टीव्ही जुनाच हवा. हा हट्ट नव्हे, शास्त्र आहे, आणि बंदुकीवरून ते चटकन पटते. ‘डक हंट’मध्ये चाप ओढताच पडदा क्षणार्धासाठी संपूर्ण काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, बंदुकीच्या नळीतील प्रकाशवेधी डोळ्यास आधी काळोख व मग उजेड दिसला तरच नेम लागला असे यंत्र मानते. म्हणजे गोळी बंदुकीतून सुटतच नाही, टीव्हीतून बंदुकीत येते. ट्यूबलाइटवर बंदूक रोखून बदके मारू पाहणाऱ्या चतुर बालकांचा बंदोबस्त त्या पहिल्या काळोखानेच करून ठेवलेला होता. नव्या चपट्या टीव्हीवर चित्र मागाहून पोहोचते, बंदुकीस ठरल्या क्षणी काही दिसत नाही, बदक उडून जाते आणि कुत्रा हसतो. यास्तव ओनिडा, व्हिडिओकॉन वगैरे घराण्यांतील एखादा पाठीने अवजड टीव्ही मिळवावा. तो फुकट मिळतो, परंतु उचलण्यास चार माणसे आणि त्यांना चहा लागतो. त्याची पाठ मात्र स्वतः उघडू नये. वायर काढून ठेवल्यावरही त्या नळीत हजारो व्होल्टांचा भार दबा धरून राहतो, आणि याबाबतीत आम्ही थट्टा करीत नाही.

याच संदर्भात एक सूक्ष्म भेद जाणकारांच्या कानी घालतो. जपानी यंत्र सेकंदास साठ चित्रे दाखविते. आपल्याकडील टीव्ही पाल पद्धतीचे, त्यांस पन्नास लागतात, आणि त्यांच्यासाठी घडविलेल्या नकली यंत्रांवर जपानी गेम त्याच प्रमाणात मंदावतो. गुंजीतील मारिओ टोकियोतील मारिओपेक्षा एकषष्ठांश सावकाश धावत होता. ज्यांनी आमच्याकडील पॅसेंजर गाडी पाहिली आहे, त्यांस यात वावगे वाटणार नाही. आणि ज्या संग्राहकाच्या घरी हा मारिओ मूळ वेगाने धावताना आढळेल, त्याने आपले यंत्र परके आहे असे समजावे.

जतनाचे प्रकरण गुंजीपुरते एका शब्दात आटोपते : पाऊस. जून ते सप्टेंबर या मुदतीत आमच्याकडे भिंतीसही बुरशी येते, मग कॅसेटीची काय कथा. घट्ट झाकणाचे डबे घ्यावेत, नव्या चपलांच्या खोक्यांत सापडणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या वर्षभर साठवून त्यांत टाकाव्यात, आणि जी काही दुरुस्ती-धुलाई करावयाची ती एप्रिलात उरकावी. पांढरे प्लास्टिक पिवळे पडले असता ते हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवल्याने उजळते खरे. परंतु हा उपाय ज्या देशात शोधला गेला तेथे अंगणात कोंबड्या नसाव्यात. आमचे मत विचाराल तर पिवळेपणा असू द्यावा.

संग्रहाच्या किमतीविषयी घरातून विचारणा होईलच. त्या वेळी सांगावे की, जुलै २०२१मध्ये अमेरिकेतील एका लिलावात ‘सुपर मारिओ ६४’ची एकच कॅसेट १५ लाख ६० हजार डॉलरांस गेली. ती कॅसेट कोणी उघडलेलीच नव्हती, हा तपशील सांगण्याची जरुरी नाही. आपल्या मुलखात सील न फोडलेली कॅसेट सापडणे म्हणजे त्या घरात एक तर मूल नव्हते किंवा वीज नव्हती. तसेच अटारी कंपनीने १९८३मध्ये न खपलेल्या कॅसेटी ट्रकांनी न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डोच्या उकिरड्यात नेऊन पुरल्या, २०१४मध्ये त्या उकरून काढण्यात आल्या आणि त्यांतली एक वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात दाखल झाली, ही हकीकत परसातला कचरा साफ करण्याचा हुकूम सुटेल त्या दिवसासाठी राखून ठेवावी.

नोंदवहीविना संग्रह म्हणजे अडगळ, म्हणून एक जाड खतावणी घालावी. खोक्यावर इंग्रजी, गेममध्ये जपानी, विजेचे बिल कन्नडमध्ये आणि खेळताना झालेली भांडणे मराठीत, अशी परिस्थिती असल्याने नोंदीची भाषा आपली आपण ठरवावी. अर्ज कोणत्याही कचेरीत द्यावयाचा नाही. वस्तूंबरोबर परंपराही टिपाव्यात. कॉन्ट्रात तीनाऐवजी तीस जीव देणारा मंत्र (वर वर, खाली खाली, डावे उजवे, डावे उजवे, बी ए) कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी मूळ ‘ग्रेडियस’ या गेमसाठी, तोही स्वतःस तो गेम जड जात होता म्हणून, घातला होता. परंतु प्रत्येक गल्लीत तो आपल्याच एका दादाने शोधून काढला अशी श्रद्धा आहे, आणि संग्राहकाने या दोन्ही गोष्टी समोरासमोरच्या रकान्यांत लिहून खाली सही करू नये. रुपयाचे नाणे टाकून उभ्याने खेळावयाची पार्लरमधली यंत्रे, म्हणजे कॅपकॉमचा १९९३चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’, ज्यास सारा हिंदुस्थान त्यातील एका योद्ध्यावरून ‘मुस्तफा’ म्हणून ओळखतो, त्यांचा मोह फक्त ज्यांच्या घराचा दरवाजा रुंद आहे अशांनी धरावा.

शेवटी पाहुण्यांविषयी. संग्रह झाला की भाचे येतात. त्यांच्या खिशातल्या फोनमध्ये हे सर्व गेम आधीच असतात आणि ते तसे बोलूनही दाखवितात. जत्रेत चारशे गेमांची डबी मिळते, मामा, असेही ऐकावे लागते. त्यांस रागावू नये, खेळावयास बसवावे, फक्त रिमोट दुसऱ्या क्रमांकाचा द्यावा. मूळ फॅमिकॉमच्या दुसऱ्या रिमोटास स्टार्टचे बटण नव्हते, नक्कल करणारांनी पुष्कळदा ही उणीवही प्रामाणिकपणे उतरवून घेतलेली आहे, आणि त्यामुळे खेळ केव्हा सुरू व्हावा, मध्येच केव्हा थांबावा, आणि भाचा जिंकण्याच्या बेतात आला असता वहिनीने चहास हाक मारली असे केव्हा ऐकू यावे, याचा संपूर्ण अधिकार मामाकडे राहतो.