भिंत बोलकी कशी करावी (मुले गप्प ठेवून)

शाळेच्या दर्शनी भिंतीवर 'विद्यार्थ्यांच्या सहभागातून' कलाकृती साकारण्याची वेळ आज ना उद्या प्रत्येक मुख्याध्यापकावर येते. २०२३-२४ मध्ये 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' अभियान सुरू झाले आणि सुंदर दिसण्यालाही गुण मिळू लागले, तेव्हापासून ती जरा लवकरच येते. अशा वेळी काही नवखे मुख्याध्यापक गोंधळून थेट मुलांनाच विचारतात. तो अनर्थ टळावा म्हणून या सूचना.

१. समितीची बैठक

शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या महिला. कायद्याचा मान राखून सर्वांना निरोप धाडावा. बैठक मात्र ऐन कापूसवेचणीत, भर दुपारी ठेवावी. गणसंख्येची काळजी नको. माणसे येत नसली तरी रजिस्टर घरोघर जाऊ शकते. ठरावाखाली सूचक, अनुमोदक आणि 'सर्वानुमते मंजूर' एवढे असले की लोकशाही पार पडली.

२. विषयाची निवड

मुलांकडून चित्रे मागवावीत. 'माझ्या स्वप्नातील शाळा' हा विषय निरुपद्रवी वाटतो, पण तो फसवा आहे. मुले खरोखरच स्वप्नातली शाळा काढतात. पाणी येणारा नळ, मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून लागणारी कडी, वेळेवर येणारी एसटी. अशी चित्रे 'तांत्रिक कारणास्तव' बाजूला ठेवावीत. एखाद्या चौथीतल्या मुलीने खुर्चीत डुलकी घेणारे गुरुजी काढले असतील आणि ते ओळखू येत असतील, तर तिला रंगपेटी बक्षीस देऊन चित्र ताब्यात घ्यावे. मग उरतात दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी आणि झोपडी. यांना अहवालात 'उत्स्फूर्त आविष्कार' म्हणावे.

अंतिम चित्र अर्थात आधीच ठरलेले असते. डावीकडे पृथ्वी तोलून धरणारे दोन हात, मध्ये भारताचा नकाशा, उजवीकडे पेन्सिलीवर बसून आकाशात निघालेली दोन मुले आणि खाली 'झाडे लावा, झाडे जगवा'. एखादे झाड आड येत असेल तर आधी ते तोडून घ्यावे.

३. इतिहास सांगणाऱ्यांपासून सावधान

बैठकीत एखादे निवृत्त चित्रकला शिक्षक उठून सांगतील की १८७८ ते १८८८ या काळात मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस उभे राहत असताना त्यावरच्या नक्षीकामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी होते. दगडातली पाने-फुले, पशुपक्षी त्यांच्या हातून घडले आणि २००४ मध्ये ती वास्तू जागतिक वारसा ठरली. यावर नम्रपणे सांगावे की सर, त्यांना निधी ३१ मार्चच्या आत खर्च करायचा नव्हता.

४. वारली

शाळा पालघरात असो वा लातुरात, वारली चित्र हवेच. या चित्रांचा लग्नातला देवचौक सुवासिनी लिहितात, गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने. जिव्या सोमा मशे यांनी ही कला जगभर नेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एवढी माहिती प्रास्ताविकाला पुरते. प्रत्यक्षात चॉकलेटी ऑइल पेंट आणि पांढऱ्या रंगाचा साचा घ्यावा. डहाणू-तलासरीकडून वारली चित्रकार मात्र बोलावू नये. तो मुलांना शेजारी बसवून 'तुमच्या गावात काय काय आहे?' असे विचारील आणि तारप्याभोवतीच्या नाचाच्या फेरात तुमचा मोडका हातपंप येऊन बसेल.

५. दरपत्रके आणि रंगकाम

तीन दरपत्रके घ्यावीत. तिन्ही एकाच पेंटरकडून घेतल्यास दरांत सुसंगती राहते. अक्षर तेवढे वेगळे असावे. 'समग्र शिक्षा' योजनेतून तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये आणि शंभरपर्यंत पट असलेल्या शाळेला २५,००० रुपये संयुक्त अनुदान मिळते. त्यातच खडू, वीजबिल आणि डागडुजी. उरलेली रक्कम लोकसहभागातून उभी करावी. दात्याचे नाव शाळेच्या नावापेक्षा मोठे आणि चित्रापेक्षा ठळक असावे.

जाणकार म्हणतील, आधी गच्चीची गळती थांबवा, भिंत वाळू द्या, पोपडे खरवडा, पुट्टी आणि प्रायमर मारा, मग बाहेरचा इमल्शन रंग लावा. ऐकू नये. गळती थांबवल्याचा फोटो चांगला येत नाही. जुलैत पोपडे निघू लागतील. नकाशावर कोकण किनारपट्टी आधी गळाली, तर पर्जन्यमानाचा पाठ तिथेच घ्यावा.

६. सहभाग

हा सर्वात नाजूक टप्पा. चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा दिलेली, हात बसलेली मुले शाळेत असतीलच. त्यांना बादलीने पाणी आणायला लावावे. स्वच्छ गणवेशाची पाच मुले निवडून त्यांच्या हाती कोरडे ब्रश द्यावेत. पेंटरला चौकटीबाहेर उभे करावे. जिओ-टॅग फोटो निघाला की ब्रश मोजून परत घ्यावेत. फारच आग्रह झाला तर कोपऱ्यात हाताचे ठसे उमटवू द्यावेत. त्यांत मत नसते, शिवाय सगळ्यांचे सारखेच दिसतात.

७. स्वस्त कल्पनांचा मोह

'बाला' म्हणून एक विचार आहे. इमारतच शिकण्याचे साधन करायची. दार फिरते तिथे फरशीवर कोनमापक रंगवायचा, पंख्याच्या पात्यांना रंग देऊन ते फिरताना कसे मिसळतात ते दाखवायचे, खिडकीच्या गजांतून अक्षरांची वळणे गिरवायला द्यायची. खर्च किरकोळ, पण तोटे गंभीर. मुले त्याला दिवसभर हात लावतात आणि गाडीतून उतरणाऱ्या साहेबांना त्यातले काहीच दिसत नाही. आपले चित्र मुलांच्या हाताला न लागेल इतक्या उंचीवर असावे.

८. उद्घाटन

पाहुणे दोन तास उशिरा येतील, तोवर मुलांना उन्हात रांगेत बसवून टाळ्यांचा सराव घ्यावा. फीत कापल्यावर चित्राखाली पाटी लावावी : 'भिंतीस हात लावू नये.' यापुढे भिंतीवर काही काढणाऱ्या विद्यार्थ्याच्या पालकांना बोलावून घ्यावे.

ज्यांना एवढा व्याप झेपत नाही, त्यांच्यासाठी एक कमी प्रतिष्ठेचा मार्ग आहे. शाळेची मागची भिंत, जमिनीपासून चार फूट. चुना, गेरू, थोडे ब्रश, चित्रकला येणारे एक माणूस आणि काही आनंददायी शनिवार. वर्षाअखेरीस भिंत पांढरी करून पुढच्या वर्गाच्या ताब्यात द्यावी. याला फीत लागत नाही, पाहुणे लागत नाहीत, आणि गुण किती मिळतील याची हमी नाही. मुलांनी काय काढले ते मात्र समितीने जाऊन नीट पाहावे, कारण दुरुस्तीची इतकी अचूक यादी कोणताही अभियंता देणार नाही. तिथे नळ काढलेला दिसला, तर चित्राचे कौतुक नंतर करावे. आधी प्लंबर बोलवावा.